राशीचा नारळ

कोलशेत,
६ डिसेंबर १९५३

बायजा,

मायना काय लिहावा यातच दोन कागद फाडले. 'चि. सौ.' लिहून आशीर्वाद दिला तर म्हणशील, जवळजवळ अकरा वर्षांनी बरा उगवला आशीर्वाद द्यायला. म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे. शालू सातवी पास झाल्याचं कानावर आलं, तेव्हा हे पत्र तीच तुला वाचून दाखवत असणार. शालू, सावकाश वाच. अक्षर लागलं नाही तर आईजवळ बोलू नकोस. शाळामास्तराची अब्रू जाईल.

पत्राचं कारण असं, की गावात सिनेमा येतो आहे. दाखवायला नव्हे, काढायला. सामंत नावाचे कोणी दिग्दर्शक मुंबईहून दोनदा येऊन गेले. इंग्रजांच्या अमलात साध्या माणसांचं जिणं कसं होतं, पोलिसांच्या धाकात गावं कशी राहिली, ते त्यांना जसंच्या तसं दाखवायचं आहे. आपल्या काळुदादाची हकीकत त्यांनी कुठंतरी ऐकली आणि तीच धरली. बेचाळीस साली घोडबंदर रोडवरच्या तारा तोडणारा मिठागरातला मजूर, चार महिने खाडीच्या तिवरांच्या झाडीत लपलेला, घरच्या मानासाठी मिठाच्या राशीवर आला आणि पकडला गेला, तुरुंगात हगवणीनं गेला. सामंत म्हणाले, "मास्तर, यात मी मीठमसाला घालणार नाही." मी म्हटलं, मीठ आमच्याकडे आहेच.

मला त्यांनी सल्लागार नेमलं आहे. बोलणं मीच आपल्या भाषेत बसवून देतो. शाळेच्या दारात दादाच्या नावाचा दगड आहे, त्याला दर पंधरा ऑगस्टला मीच हार घालतो, तेव्हा हे काम दुसऱ्या कुणाला सांगणार?

एक बारीकशी अडचण आहे. पकडला त्या दिवशी दादाच्या अंगात काय होतं, हे सामंतांना हवं आहे. त्याला होडीतून राशीवर आणलं ते तुझ्या दगडूनं, म्हणजे नीट पाहिलं त्यानंच. त्याला एवढं विचारून कळवशील का? बाकी जुनं उगाळायची माझी इच्छा नाही.

लक्ष्मीवहिनी बरी आहे. दादामागं ती माझ्याकडेच असते, हे तुला ठाऊकच आहे.

आनंदा


कोलशेत,
२८ डिसेंबर १९५३

बायजा,

शालूचं कार्ड मिळालं. एकच ओळ: "बाबा म्हणतात, अंगात तुमचाच सदरा होता."

खरं आहे. माझा पांढरा सदरा. मीच दगडूच्या हाती तिवरांत पाठवला होता. दादाचे कपडे चिखलानं कुजले होते, आणि नारळ फोडायला माणूस धड कपड्यात नको का? सामंतांना मी सांगितलं की मळकी बंडी होती. सिनेमात तेच बरं दिसेल.

इथं नुसता धुमाकूळ चालला आहे. हौसाबाई नवं लुगडं नेसून, नथ घालून सकाळपासून मिठागराच्या बांधावर बसली होती. सामंत म्हणाले, जुनं नेसून या. ती म्हणाली, "जुन्यात तं मना सगला गाव रोज बघतंय, त्यासाठी मुंबईचा माणूस कशाला?" शेवटी रुसून घरी गेली आणि तिसऱ्या दिवशी फाटकं नेसून परत आली. धाकू पाटलांना गावचा पाटीलच व्हायचं आहे. ते आहेतच, पण कॅमेऱ्यासमोर उभे राहिले की त्यांचं तोंड शिवल्यासारखं होतं.

आता एक गोष्ट तुझ्या कानावर दुसऱ्याकडून जाण्याआधी मीच घालतो. सिनेमात एक गद्दार आहे. नायकाच्या बहिणीचा नवरा. तो होडीवाला आहे. नाव वेगळं ठेवलं आहे, पण कोलशेतात कुणाला फसवणार? मी सामंतांना म्हटलं, हे पात्र गाळलं तर नाही का चालणार? ते म्हणाले, गावानं सांगितलेलं मी कसं बदलू? मग मी गप्प बसलो. सल्लागाराचं म्हणणं असून असून किती असणार.

परवा आयऱ्याचे गणूबाबा आले होते. शालूला त्यांच्या रतनसाठी विचारलं आहे, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. मुलीच्या मामाला भेटायची रीत म्हणून आले. शाळेच्या पडवीत बसले, चहा घेतला, डोंबिवलीकडच्या गवताचे भाव बोलले आणि गेले. माणूस बरा वाटला. सगळं नीट होईल.

आनंदा


कोलशेत,
३१ जानेवारी १९५४

बायजा,

शालूचं दुसरं कार्ड आलं. आयऱ्याचं मोडलं. "गद्दाराची पोर घरात नको," असा निरोप आला म्हणून तिनं लिहिलं आहे. आणि खाली लिहिलं आहे, "मामा, ते तुमच्याकडे आले होते. तुम्ही काय सांगितलंत?"

पोर हुशार आहे. बरोबर तिथंच बोट ठेवलं.

गणूबाबांनी मला सरळ विचारलं होतं. चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "मास्तर, तुमी शिकलेली माणसां. पोरीच्या बापाविषयी गाव बोलतंय ते खरां का?" मी म्हटलं, "मला काही सांगता यायचं नाही." एवढंच बोललो. पुढं पडवीच्या खांबाकडे बघत बसलो. त्यांनी जे समजायचं ते समजून घेतलं. मी खोटं बोललो नाही असं मनाला महिनाभर बजावत होतो.

मला ही जुनीच खोड आहे, बायजा. खोटं बोलायचं नाही, आणि खरंही नाही.

इकडे काय झालं ते ऐक. गद्दाराचं काम करायला मुंबईचा नट आला होता. होडीत उभा राहिला आणि पहिल्याच हेलकाव्याला खाडीत पडला. आपली भाषा तर त्याला आठ दिवसांत ओठांवर घेता येईना. सामंतांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "मास्तर, वाक्यं तुमची, भाषा तुमची, होडी तुम्हाला येते. तुम्हीच करा." सगळा गाव हसला. धाकू पाटील म्हणाले, "मास्तर आन् गद्दार! बघवणार नाय." तेव्हापासून मी दगडू झालो आहे. त्याच्यासारखा पंचा बांधतो, त्याच्यासारखी वल्ही मारतो. काल होडीतून दादाचं काम करणाऱ्या पोराला राशीवर नेऊन उतरवलं. तो उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "येतो रे." हे वाक्य मी लिहिलेलं नव्हतं. त्यानं आपलं सहज म्हटलं. माझ्या हातून वल्हं सुटलं.

आता लिहायला बसलोच आहे तर लिहितो. शालू, हे वाचताना मध्ये थांबू नकोस, आणि गाळू तर मुळीच नकोस.

आपल्या घराचा मान तुला ठाऊक आहे. हंगामाची पहिली रास लागली, की पहिला नारळ आपल्या घरातल्या थोरल्यानं फोडायचा. तो आला नाही तर मान भावकीतल्या दुसऱ्या घराकडे जातो आणि पुन्हा परत येत नाही. त्रेचाळीसच्या माघात रास लागायला आली तेव्हा दादा तिवरांत होता. ठाण्याचा फौजदार शाळेत आला. खुर्चीत बसला. मुलांची कवायत पाहिली, माझं कौतुक केलं. मग म्हणाला, फरार माणसाच्या भावाला सरकारी शाळेत ठेवू नये असं वरून विचारतात, मी अजून उत्तर दिलेलं नाही. मी घाबरलो. घरात तेव्हा पगार माझाच काय तो येत होता. त्यानं दादा कुठं आहे हे विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी जीव गेला तरी बोललो नसतो, असं मला अजून वाटतं. तो म्हणाला, "तुम्हा लोकांत मिठाची काही पूजा असते म्हणे. काय असतं हो?"

आणि मी सांगितलं. वर्गात सांगावं तसं, व्यवस्थित. रास म्हणजे काय, माघातली तिथी कशी धरतात, नारळ थोरलाच का फोडतो, तो न आल्यास मान कसा जातो. त्यानं मध्येच विचारलं, "म्हणजे थोरल्याला यावंच लागतं?" मी म्हटलं, "हो, कसंही करून." माझ्या आवाजात अभिमान होता, बायजा. आपल्या घराचा मान कुणी साहेबासारखा माणूस एवढं कान देऊन ऐकतो आहे, याचा अभिमान.

तो गेल्यावर मला कळलं मी काय केलं ते. अजून पाच दिवस होते. दगडूकडून निरोप धाडला असता, येऊ नको, तर दादा वाचला असता. पण मग मान गेला असता, आणि का येऊ नको हेही सांगावं लागलं असतं. मी निरोपाऐवजी सदरा धाडला. फौजदार विसरेल, असं मनाला सांगितलं.

पुढचं उद्या लिहीन म्हणतो, पण उद्या लिहिणार नाही. म्हणून आत्ताच. दगडूला दादाबरोबरच पकडलं आणि दोन दिवसांनी सोडलं. का सोडलं, हे मला फौजदारानंच सांगितलं: "गाव आता त्याच्यावरच संशय घेईल. तुमच्यावर नाव यायचं नाही, मास्तर." गावानं दगडूला चावडीवर उभा केला. तो एकच बोलत होता, "मी नाय सांगितला." मी तिथं होतो. त्याला वाळीत टाकायचा कागद गावकीला हवा होता, आणि गावात लिहिता येणारा मी एकटाच. विहीर बंद, विस्तव बंद, बोलणं बंद. अक्षर माझं आहे. त्या कागदानं तू सहा वर्षांची शालू कडेवर घेऊन ठाकुर्लीला गेलीस, आणि होडीवर राज्य करणारा दगडू पॉवरहाऊसमध्ये राख उपसायला लागला.

मला माफ कर असं लिहिणार होतो. लिहवत नाही.

आनंदा


कोलशेत,
१६ फेब्रुवारी १९५४

बायजा,

तुझ्याकडून कार्ड नाही. बरोबर आहे. तरी मी लिहितो, कारण कळवलं नाही तर माझ्याकडून पुन्हा गप्प बसणं होईल.

चावडीचं दृश्य परवा झालं. अख्खा गाव बोलावला होता. गद्दाराला मध्ये उभा करायचा, बायांनी अंगावर माती टाकायची, आणि त्यानं म्हणायचं, "मी नाय सांगितला." वाक्य मीच लिहून दिलं होतं, दगडूचंच. सामंतांनी 'चालू' म्हटलं. हौसाबाईनं खरोखरच दोन्ही मुठी भरून माती मारली, डोळ्यांत गेली. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "मी सांगितला."

मग थांबलोच नाही. फौजदार, पूजा, सदरा, कागद. नावं घेऊन सांगितलं. मी आनंदा, काळुरामचा भाऊ, दगडूनं काही केलेलं नाही. बोलता बोलता रडलो. आयुष्यात एवढ्या लोकांसमोर मी कधी रडलो नव्हतो.

मला वाटलं, आता दगड येतील. मी वाटही पाहत होतो. आणि सामंतांनी टाळी वाजवली. त्यांच्या मागं सगळ्या गावानं वाजवली. धाकू पाटील धावत आले, माझा हात धरून म्हणाले, "मास्तर, काय काम केलाव! मना पन रडवलाव!" सामंत म्हणाले, गोष्टीला कलाटणी द्यायची ही कल्पना मला आधी का सांगितली नाहीत? भावानंच सांगितलं हे भारी आहे, ठेवू. फक्त मध्ये उन्हावर ढग आला होता, तेव्हा एकदा पुन्हा.

मी त्यांना बाजूला नेऊन म्हटलं, हे काम नव्हतं. ते म्हणाले, "तेच तर. ते काम वाटलंच नाही."

चार वेळा घेतलं, बायजा. मी चारही वेळा बोललो. पहिल्यांदा नाही तर दुसऱ्यांदा तरी कुणाला कळेल या आशेनं. चौथ्या खेपेला मलाच ते पाठ केलेलं वाटायला लागलं आणि रडू आलं नाही. सामंतांनी पहिलंच ठेवलं, ढगासकट.

टाळ्या वाजल्या तेव्हा एकच माणूस वाजवत नव्हतं. लक्ष्मीवहिनी. ती कडेला बसली होती. पहिल्याच खेपेला उठली, पदर झटकला आणि घरी गेली. मी घरी पोचलो तोवर तिनं अंगणाच्या कोपऱ्यात तीन विटांची वेगळी चूल मांडली होती. तेव्हापासून माझ्या घरात ती माझ्या हातचं पाणी घेत नाही. सदरा तिनंच धुऊन दिला होता त्या दिवशी, निळीत घालून.

दुसऱ्या दिवशी गावकी बसवायला लावली आणि कॅमेरा नसताना सांगितलं. तेव्हा मात्र कुणी टाळी वाजवली नाही. धाकू पाटलांनी तपकिरीची चिमूट ओढली. मग म्हणाले, "मास्तर, तुमी आता सांगताव म्हंजे आमी अकरा वरसां एका माणसाला फुकट जाळला असां जालां. तसां कसां होल? तुमी सिनेमात काम केलाव, ता डोक्यात गेलांय. घरी जावा, निजा." सगळे उठून गेले. त्यांना मी खोटारडा वाटलो नाही. पण दगडूकडे जाऊन मान खाली घालायची कुणाची तयारी नाही. मला राग येत नाही. मीच त्यांना हे शिकवलं आहे.

वाळीत टाकल्याचा कागद मी पाटलांच्या पेटीतून मागून घेतला आणि खाली लिहिलं: हा ठराव खोट्यावर झाला, खोटं माझं. सही केली. गावानं नाही केली. कागद या पत्रासोबत धाडतो. तुमच्या उपयोगाचा नसला तर फाडा.

रविवारी आयऱ्याला जातो आहे.

आनंदा


कोलशेत,
११ मार्च १९५४

बायजा, आणि शालू, तूही,

आयऱ्याहून परवा निरोप आला असेलच. त्यामागची हकीकत माझ्याकडून ऐका.

गणूबाबा ओट्यावर जाळं विणत बसले होते. मला पाहून उठले नाहीत, बसा म्हणाले. मी उभ्यानंच सांगितलं. तीन खेपा त्यांनी तेच तेच उलटून विचारलं, वकिलासारखं. फौजदारानं काय विचारलं, मी काय बोललो, दगडूला कधी कळलं. मी म्हटलं, दगडूला नुकतंच माझ्या पत्रातून कळलं असेल तेवढंच. तुमच्या समाधानासाठी दादाच्या मरणाची शपथ घेतो. ते म्हणाले, "नको. शपथ घेणारे मी लय बघितलेत. इतक्या लांब येऊन सोताच्या तोंडाला कालां फासून घेनारा पहिलाच बघतंय."

मग आत जाऊन रतनच्या आईशी बोलले. बऱ्याच वेळानं बाहेर आले. रतन त्यांच्यामागं उभा होता. पोरगा चांगला आहे, शालू, डोळे खाली घालून उभा होता पण कान सगळे इकडे.

गणूबाबा म्हणाले, "बाप साफ हाय. पोरगी आमची. वैशाखात लगीन करू." मी हात जोडले. ते म्हणाले, "आयकून घ्या. बाप साफ जाला, पन डाग कुठं गेला नाय, तो मामावर आला. आमच्या भावकीत लोक विचारतील. पोरीच्या मागं मांडवात मामा उभा रातो. तो मामा तुमी नसायचा. मांडवात नाय, वरातीत नाय, जेवनाला नाय. हां बोला, मान्य असेल तं."

त्यांचं बोलणं संपायच्या आत मी मान्य म्हटलं. त्यांनाच वाईट वाटलं असावं, कारण मग त्यांनी चहा सांगितला. मी घेतला.

बायजा, तुझ्या लग्नात दादा आणि मी दोघंही मंडप बांधत होतो. शालू झाली तेव्हा तू म्हणाली होतीस, हिला मांडवात तू आणायचीस. मी ते धरून बसलो होतो. अकरा वर्षं तुझ्या दाराकडे फिरकलो नाही तरी मनात ते होतं, की लग्न निघेल तेव्हा मामाला बोलवावंच लागेल, रीतच आहे. रीतीच्या आडून मी पुन्हा घरात येणार होतो. लाज वाटते, पण तसंच होतं.

मामाच्या जागी दगडूच्या चुलतभावाला उभं करा. तो उंच आहे, शालू कुठं उभी आहे ते गर्दीतही कळेल. साडी मी धाडत नाही. माझ्याकडची साडी नेसलीस की कुणी तरी विचारील, कुणी दिली. ठाण्याच्या दुकानात पिवळी पाहून ठेवली होती, ती तिथंच राहू दे.

लक्ष्मीवहिनी लग्नाला येणार आहे. मला सांगितलं नाही, शेजारी सांगत होती. तिला सांभाळून न्या, तिला आता दिसायला कमी झालं आहे. सिनेमा दिवाळीत लागेल म्हणतात. गाव गाड्या करून जाणार. मी जाणार नाही.

दगडूला काय लिहू? त्याला लिहायला मी सहा वेळा बसलो आणि प्रत्येक वेळी समजावून सांगायला लागलो, मला का भीती वाटली, तेव्हा दिवस कसे होते. ते फाडलं. त्यानं काही केलेलं नव्हतं आणि मला माहीत होतं. एवढंच त्याला वाचून दाखव, शालू.

लग्न लागेल त्या दिवशी मी शाळा उघडी ठेवणार आहे, सुट्टी असली तरी. घरी बसवणार नाही. अक्षता पडल्या की मला एक कार्ड टाक. नुसतं 'पडल्या' एवढं लिहिलंस तरी चालेल.

आनंदा